मागची सीट काढायचे पैसे

आधीच सांगून टाकते. पन्नास लाखांच्या वर मोजून मागची सीट नसलेली, डिकीत दोन पिशव्या मावणारी आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळवणारी गाडी घेणं हा सार्वजनिक गुन्हा आहे, असं माझं मत होतं. नुसतं होतं असं नाही, मी ते छापून वाटलं होतं. पत्रकाचा मथळा: 'बदलापूरच्या रस्त्यांवर ही मस्ती कुणासाठी?' शेवटी नेहमीप्रमाणे 'जाब विचारा'. चौथ्या दिवशी त्यातली एक प्रत माझ्याकडे परत आली. लाल पेनाने दोन चुका दुरुस्त केलेल्या. 'सस्पेन्शन'मधलं एक अक्षर मी खाल्लं होतं आणि गाडीला 'स्पोर्ट्स कार' म्हटलं होतं. समासात लिहिलं होतं: 'ही हॅचबॅक आहे. शिव्या घाल, पण गाडीला तिच्या नावाने घाल. – कांबळे मॅडम.'

बदलापूर पूर्वेत ज्यांना गाडी येते त्यांना ती बहुतेक कांबळे मॅडमनी शिकवलेली असते. ज्यांना येत नाही त्यांना मॅडमनी भर रस्त्यात कधी ना कधी झापलेलं असतं. तीस वर्षं त्यांचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. म्हणजे एक गाळा, एक टेबल, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी गिअरचा तक्ता, आणि बाहेर डबल ब्रेकची, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेली, पांढरी जुनी गाडी. मॅडम बुटक्या, पंजाबी ड्रेसवर पुरुषी स्पोर्ट्स शूज, पर्समध्ये बडीशेपेची डबी. तुम्ही काही बरोबर केलंत तर चिमूटभर बडीशेप मिळायची. मला पहिली चिमूट एकोणिसाव्या दिवशी मिळाली.

मी त्यांच्याकडे शिकायला गेले कारण मोर्चे-पत्रकं काढणाऱ्या आमच्या संघटनेच्या जीपला ड्रायव्हर टिकत नव्हता. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "डाव्या पायातली चप्पल काढ."

"का?"

"क्लच पायाला काय सांगतो ते ऐक. माझ्या तोंडाकडे काय बघतेस, मी गाडी आहे का?"

त्यांची वाक्यं अशीच. "हळू म्हणजे बंद नाही." "आरशात बघ, पण स्वतःला नको." "हॉर्न वाजवून रस्ता रुंद होत नसतो." मी पत्रकं लिहिते म्हटल्यावर माझं नाव त्यांनी पत्रक ठेवलं, ते आजतागायत आहे. "ए पत्रक, सेकंड टाक. क्रांती नंतर कर."

त्यांना एकच जमात सहन व्हायची नाही. नवरे. बायको शिकायला आली की नवरा मागे बसायचा. "क्लच. अगं क्लच. क्लच म्हणतोय ना." बाईच्या हाताला घाम, गाडी बंद, मागे रिक्षांची रांग. मॅडम त्याला उतरवू शकायच्या नाहीत, कारण पावती त्याच्या नावाची. "फी नवरा भरतो," त्या म्हणायच्या, "आणि मागच्या सीटवर बसून पूर्ण वसूल करतो."

रस्ते त्यांना हाताच्या रेषांसारखे पाठ. बेकायदा स्पीडब्रेकरना तर त्यांनी नावं ठेवली होती. एक 'माजी नगरसेवक'. एक 'बारसं', कारण कुणाच्या तरी बारशाच्या मंडपासाठी घातला आणि मंडप गेला तरी तो राहिला. आणि शाळेच्या वळणावरचा, रंग न मारलेला, तो 'सासूबाई'. दिसत नाही, लागतो. मी या स्पीडब्रेकरविरुद्ध मोहीम काढली तेव्हा सगळी यादी त्यांनीच तोंडी सांगितली, उंचीसकट. उंची बोटांत. चार बोटं, सहा बोटं, एक पूर्ण वीत.

आणि अशा बाईने जिचं पोट रस्त्यापासून जेमतेम पाच बोटं वर अशी गाडी घेतली.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी सांगते. हॅचबॅक म्हणजे आपली साधी, मागे वेगळी डिकी बाहेर न आलेली छोटी गाडी. कंपन्या कधीकधी याच छोट्या गाडीत दांडगं इंजिन घालतात, ब्रेक मोठे करतात, आणि साध्या दिसणाऱ्या पोरीने कुस्ती मारावी तशी ती मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकते. त्यातही काही गाड्या रेसच्या ट्रॅकवर पळवायच्या हिशेबाने केलेल्या असतात. त्यांत वजन कमी करायचं म्हणून मागची सीट काढतात, आवाज अडवणारे थर काढतात, धक्के झेलणारं सस्पेन्शन दगडासारखं करतात. आणि एवढं सगळं काढून घेतल्यावर किंमत वाढवतात. माझा संताप मुळात या शेवटच्या वाक्यावर होता, आणि अजून आहे.

मॅडमनी ती घेतली त्याची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकलेली. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला साधी गाडी घ्यायची होती, सोबत म्हणून त्या शोरूमला गेल्या. कोपऱ्यात ही लाल गाडी. कंपनीने मोजक्याच मागवलेल्या. मॅडमनी दार उघडून डावा पाय क्लचवर ठेवला, अर्थात बूट काढून. सेल्समन धावत आला.

"मॅडम, ही तुमच्यासाठी नाही. ही ट्रॅकसाठी बनवलेली आहे."

"कुठला ट्रॅक?"

"ट्रॅक मॅडम. तुम्हाला नाही कळणार."

आता मॅडमच्या आयुष्यात ट्रॅक म्हणजे एकच. आरटीओचा. जिथे लायसन्ससाठी आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो. तीस वर्षं त्या ट्रॅकच्या कडेला उन्हात उभं राहून त्यांनी अर्धं बदलापूर पास करून आणलं होतं. आणि एक टाय घातलेला मुलगा त्यांना सांगत होता की ट्रॅक तुम्हाला कळणार नाही. बदलापूर गावात स्वतःच्या कमाईने घेतलेले दोन गुंठे त्यांनी विकले आणि दोन महिन्यांनी त्याच मुलाकडून किल्ली घेतली. त्याचा ट्रॅक वेगळा होता हे त्यांना कधी कळलं, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा बडीशेप मिळाली.

बाकी उत्तरं मात्र तयार असायची. मी म्हटलं, "मॅडम, या पैशांत काय काय आलं असतं."

"बायका सोनं घेतात, कपाटात ठेवतात. त्याचं ॲव्हरेज कुणी विचारतं?"

"सोनं विकता येतं."

"बरोबर. म्हणूनच घरात सगळ्यांची नजर त्याच्यावर."

गाडी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्या मला घेऊन उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेल्या, सीट कव्हर बघायला. जाताना प्रत्येक अनोळखी स्पीडब्रेकरपाशी थांबायचं, मॅडमनी उतरायचं, रस्त्यात उकिडवं बसून बोटं लावायची, परत बसायचं आणि गाडी तिरकी करून एकेक चाक उतरवायचं. मागे हॉर्नचा कल्ला. एका रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "मॅडम, स्पीडब्रेकरची ओटी भरताय का?"

"भरतेय. नारळ आण."

सीट कव्हरचे सिंधी शेठ मॅडमच्या ओळखीचे. त्यांनी गाडीच्या आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मागे सीटच्या जागी फक्त एक आडवा लाल दांडा होता, गाडीचं अंग घट्ट धरायला.

"मॅडम, पिछला सीट चोरी हो गया क्या?"

"चोरी नहीं शेठ. कंपनीने निकाला."

"वापस क्यों नहीं लिया उनसे?"

"निकालने का ही पैसा दिया है."

शेठ स्टुलावर बसले. मला बाजूला घेऊन विचारलं की मॅडमना दुसरं काही टेन्शन आहे का. मग पुन्हा मॅडमकडे वळून अतिशय प्रेमाने म्हणाले, "पाँच सौ में मैं निकाल के देता ना. किसी भी गाडी का." आणि लगेच टेप काढून मापं घ्यायला लागले. मागची सीट ते बनवून देणार होते. लेदरची, ओरिजिनलपेक्षा भारी, मागे कंपनीचं नावसुद्धा शिवून. उल्हासनगरात मूळ वस्तू नसली तरी तिची कॉपी मिळते हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं. मॅडमनी टेप त्यांच्या हातातून काढून गुंडाळून परत दिली. "शेठ, या गाडीत दोनच जागा. एक शिकणारीची, एक माझी. तिसऱ्याला बसायला जागा झाली तर माझे पैसे बुडाले."

मी तेव्हा हसले. मला वाटलं विनोद आहे.

मॅडमचा मुलगा प्रशांत अंबरनाथ एमआयडीसीत एका कंपनीत प्रॉडक्शन ऑफिसर. माणूस वाईट नाही, पण घरातही शिफ्ट लावल्यासारखा बोलायचा. त्याला त्या दोन गुंठ्यांवर घर बांधायचं होतं. गुंठे गेले, आता निदान गाडी विकून फ्लॅटचं बघू, हे त्याचं रोजचं म्हणणं. त्याची बायको तृप्ती एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. तिला गाडी शिकायची होती. आधी दोनदा शिकून सोडलेली, दोन्ही वेळा प्रशांत मागे बसलेला. दुसऱ्या वेळी तिने गाडी रस्त्याच्या मधोमध उभी केली, उतरली आणि रिक्षाने घरी गेली. त्यावर प्रशांतचा शेरा ठरलेला: "तिला नाही जमणार. प्रत्येकाचा पिंड असतो."

एका संध्याकाळी मी स्पीडब्रेकरच्या निवेदनावर सही घ्यायला त्यांच्या घरी गेले तर दोघांचं जुंपलेलं.

"आई, ट्रॅकची गाडी म्हणून घेतलीस ना? सहा महिने झाले. ट्रॅक सोड, तू तिसरा गिअर तरी टाकलास का?"

"चौथापण टाकलाय. एमआयडीसीत."

"मग असं कर. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आत एकदा ट्रॅकवर नेऊन दाखव. नेलीस तर मी परत शब्द काढणार नाही. नाही नेलीस तर गाडी विकायची."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "ट्रॅकवर नेली की विषय बंद?"

"बंद."

"पत्रक, लिही."

मी निवेदनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'जयंतीच्या आत गाडी ट्रॅकवर नेल्यास ती आईकडे राहील, अन्यथा विकण्यात येईल.' दोघांनी सह्या केल्या, साक्षीदार म्हणून माझी. सरकारी परिपत्रकातला एकेक शब्द पकडून अधिकाऱ्यांना घाम फोडणारी मी. पण माझ्या स्वतःच्या मसुद्यात काय मोकळं सुटलंय ते मला दिसलं नाही. तृप्ती दाराशी उभी होती. तिला दिसलं असावं, कारण ती हसू दाबत घाईने आत गेली आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

पुढे मला मॅडमची काळजी वाटायला लागली, हे माझ्या विचारसरणीला शोभणारं नव्हतं. रेसचे ट्रॅक तिकडे दक्षिणेत. जायचं कसं, त्या टायरांचं काय होणार, यांचे गुडघे आधीच कुरकुरणारे आणि त्या गाडीचा क्लच म्हणजे जिमचं मशीन. जयंती जवळ येत होती. प्रशांतने एक जुन्या गाड्यांचा दलालही आणून दाखवला. तो गाडीभोवती फिरून फोटो काढत होता तेव्हा मॅडम खिडकीत उभ्या होत्या. "याने क्लचवर पायसुद्धा ठेवून बघितला नाही," एवढंच म्हणाल्या.

मग एका सुट्टीच्या सकाळी त्यांचा फोन आला. "एमआयडीसीत ये. फक्कीची गोणी घेऊन."

बंद पडलेल्या एका कारखान्यामागे मोकळं मैदान होतं. तिथे लाल गाडी, पुढेमागे लाल अक्षरातला 'एल', आणि स्टीयरिंगवर तृप्ती. डाव्या पायात चप्पल नाही. मैदानावर आम्ही कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्की टाकून आठाचा आकडा आखला. आरटीओच्या मापाचा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी फक्कीतच बसले.

"मॅडम, ही लबाडी आहे."

"लिहिलं कोणी?"

पण काम सोपं नव्हतं. गाडीची ही जात सरळ रेषेत आणि लांब वळणात विजेसारखी. जागच्या जागी वळायला मात्र बैलगाडी. टायर रुंद, त्यामुळे चाकं जास्त वळतच नाहीत. आमच्या जुन्या जीपने सहज निघणारा आठ त्या पन्नास लाखांच्या गाडीला निघेना. तृप्ती दर वेळी फक्की पुसून बाहेर. आरटीओत रेषेबाहेर चाक गेलं की नापास. नापास म्हणजे पुढची तारीख, आणि पुढची तारीख जयंतीनंतरची. रेषेबाहेर गेलेली गाडी ट्रॅकवर नेली असं प्रशांतने मानलं नसतं. तिसऱ्या रविवारी तृप्ती रडकुंडीला आली. "मम्मी, मी तुमची पांढरी गाडी नेते टेस्टला, ही दुसरीला चालवू द्या. माझ्यामुळे ही जाईल."

मी मनात म्हटलं, आता तरी मॅडम ओरडतील. त्यांनी बडीशेप स्वतःच खाल्ली. मग म्हणाल्या, "प्रशांत नाही मागे. मीपण बोलत नाही. स्टीयरिंग हलकं कधी होतं, जड कधी होतं, तेवढं सांग मला."

तृप्तीने डोळे बारीक केले. फेरी मारली. "रेषेकडे जायला लागली की जड होतं."

"साध्या गाडीत तुला हे कळलं नसतं. साधी गाडी सगळं गिळून बसते, चांगल्या सुनेसारखी. ही तोंडावर बोलते. जड झालं की अजून थोडं पिळ."

त्या दिवशी सहाव्या फेरीला चारी चाकं फक्कीच्या आत राहिली. तृप्तीला बडीशेप मिळाली. मलाही मिळाली, कशासाठी ते सांगितलं नाही. मग मॅडमनी मला शेजारी बसवून कारखान्यांच्या मधल्या रिकाम्या काँक्रीट रस्त्यावर नेलं आणि एकदाच, सरळ, गाडी सोडली. पाठ सीटमध्ये रुतली. लगेच ब्रेक. माझ्या मांडीवरचा पत्रकांचा गठ्ठा उडून समोरच्या काचेवर गेला. सगळं मिळून तीनशे मीटर.

"किती वसूल झाले?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. आवाज जरा फाटला.

टेस्टच्या दिवशी आरटीओत पन्नास जुनाट गाड्यांच्या रांगेत ती लाल गाडी उभी राहिली आणि शिकाऊ उमेदवार रांग सोडून फोटो काढायला आले. साहेबांनी कागद बघितले, गाडी बघितली. "मॅडम, ही टेस्टला?"

"ट्रॅकसाठीच बनवलीय साहेब. शोरूमवाल्याने सांगितलं."

तृप्ती एकटी आत बसली. इंजिन असं गुरगुरत होतं की साहेब दोन पावलं मागे सरले. मग ती गाडी, जी म्हणे पाच-सहा सेकंदांत शंभरावर जाते, वरातीच्या घोड्यापेक्षा हळू निघाली. पहिल्या वळणाला मॅडमनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या वळणाला डावं चाक रेषेला टेकणार असं वाटलं, तृप्तीने अजून थोडं पिळलं, आणि चाक बोटभर आतून गेलं. मॅडमच्या नखांचे वण माझ्या मनगटावर संध्याकाळपर्यंत होते.

व्हिडिओ मी काढला होता. मागे लोखंडी पाटी स्पष्ट: 'ड्रायव्हिंग टेस्ट ट्रॅक'. प्रशांतने तो तीनदा पाहिला.

"आई, हा ट्रॅक नाही."

"पाटी वाच."

"ही शुद्ध फसवणूक आहे. पत्रक, तू सांग, ट्रॅक म्हणजे रेसचा ना?"

माझ्याकडे दोघं बघत होते. मी कागद काढून वाचला आणि म्हटलं, "मसुद्यात रेस हा शब्द नाही." इतकी सरकारी बाजू मी आयुष्यात घेतली नव्हती. प्रशांतने तृप्तीकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुम्ही सही केली तेव्हा मला वाटलं तुम्हाला कळलंय." मग त्याने व्हिडिओ चौथ्यांदा लावला आणि दुसऱ्या वळणाशी थांबवला. "इथे क्लच अर्धा धरलास?"

"नाही. पूर्ण सोडला होता."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून 'बरं' मी पहिल्यांदा ऐकलं.

तर पैसे वसूल होतात का? नाही. पत्रकातला एक शब्दही मी मागे घेत नाही, फक्त 'सस्पेन्शन' दुरुस्त करते. आमच्या रस्त्यांवर त्या गाडीतली नव्वद टक्के गाडी झोपलेली असते आणि उरलेली दहा टक्के कंबर मोडते. टायरच्या एका जोडीत घरातला फ्रीज येईल. कुणी विचारलं तर मी घेऊ नका म्हणेन, जोरात म्हणेन. मॅडमनी विचारलं नव्हतं, एवढीच अडचण.

त्या पावसाळ्यानंतर मॅडमच्या गुडघ्यांनी संप पुकारला. स्कूल बंद करून त्या नाशिकला बहिणीकडे राहायला निघाल्या. जाण्याआधी आरटीओत जाऊन त्यांनी गाडी तृप्तीच्या नावावर केली. प्रशांतला हे कागद आल्यावर कळलं.

त्या निघाल्या त्या दुपारी मी रिक्षात होते. बदलापूरबाहेरच्या सिग्नलला लाल गाडी शेजारी येऊन थांबली. तृप्ती चालवत होती. मी हात करणार होते, तिने मान हलवून नको म्हटलं आणि डोळ्यांनी शेजारी दाखवलं. मॅडम झोपल्या होत्या. त्या रेसच्या खोलगट सीटमध्ये पाय वर घेऊन, तोंड उघडं. तीस वर्षं शिकणाऱ्यांच्या शेजारी बसलेली बाई, उजवा पाय कायम ब्रेकवर तोलून धरलेली. शेजारच्या सीटवर त्यांची पापणी मिटलेली मी कधी पाहिली नव्हती.

सिग्नल सुटला. तृप्तीने पहिला टाकला, दुसरा टाकला. मॅडमची मान जराही हलली नाही.